कॅलेंडरमागची भिंत

जळगाव, १२ मे १९९१

तीर्थस्वरूप नाना यांस यशोदेचा शिरसाष्टांग नमस्कार.

"कॅलेंडर वाचता येईल अशा जागी लावतात. वाचता येणार नाही अशा जागी दिसलं, तर उचलून बघावं." हे तुम्ही १९६८ साली पहूरला, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या बैठकीत, त्यांच्याच भिंतीवरचं कॅलेंडर उचलता उचलता म्हणालात. मी तिथे नव्हते (मुलीने सासर बघायला जायची रीत नव्हती, म्हणून भाऊ जायचे), पण आपले आबा ती गोष्ट मरेपर्यंत सांगत होते. बाकीची मंडळी जमीन किती आणि विहिरीला पाणी किती हे विचारत होती. तुम्ही उठलात, दाराआडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेलात आणि कॅलेंडर वर केलंत. मागे बोटभर तडा. सासरे लालबुंद झाले. आबांनी चहाचा कप खाली ठेवला. तुम्ही तड्यात काडेपेटीतली काडी फिरवली, बाहेर काढली, तिला चिकटलेलं कोळिष्टक सगळ्यांना दाखवलं आणि निकाल दिलात, "तडा मेलेला आहे. कोळ्याने संसार मांडलाय. स्थळ चांगलं आहे." माझं लग्न एका कोळ्याच्या साक्षीने ठरलं. सासरे गेले. ती भिंत मात्र अजून उभी आहे.

रीतीप्रमाणे आधी प्रकृती विचारायला हवी होती, ती आता विचारते. गुडघा कसा आहे? झुंबरबाई वेळेवर येऊन भाकरी टाकून जाते ना? (ती भाजीत मीठ विसरते असं तुम्ही लिहिलं होतंत. तुम्हाला रक्तदाब आहे म्हणून मुद्दाम विसरते, असं तिने मला सांगितलं. तुमचं खरं की तिचं, यात मी पडत नाही.) धुळ्याचं ऊन कसं आहे हे विचारत नाही, कारण इथलं आमच्या डोक्यावर आहे. आम्ही सगळे बरे आहोत. घरही बरं आहे, आणि ते बरं कसं झालं हे कळवण्यासाठी हे पत्र.

त्याआधी एक कबुली द्यायची राहिली आहे. १९८४ साली आमच्या घराचा पाया खणला तेव्हा तुम्ही धुळ्याहून पहाटेच्या एस.टी.ने आलात, खड्ड्यात उतरलात, पहार मारलीत आणि म्हणालात, "अजून काळीच आहे. दोन फूट खाली मुरूम लागेल. तोवर थांबा." आणि संध्याकाळी परत गेलात. दुसऱ्या दिवशी गुरुपुष्य होता. मुहूर्त दोन फुटांसाठी थांबत नाही असं भटजींचं म्हणणं पडलं. वना मिस्तरीने मान डोलावली, "बठ्ठं बराबर शे ताई, काळी जमीन आपली माय शे." (माय आहे हे खरं. पण ही माय पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे कपाशी लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. घर बांधताना तेवढं विसरायला होतं.) नारळ फुटला, पाया भरला. मुरूम लागला, असं तुम्हाला पत्राने कळवलं. ते पत्र मी लिहिलं होतं, नाना. ते खोटं होतं.

तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार, कारण पहिल्याच भादव्यात मी लिहिलं की पुढचं दार लागत नाही, आणि तुमचं उत्तर एका ओळीचं आलं: "मुरूम फार मऊ लागलेला दिसतो." तुमचे मेव्हणे टेलिफोन खात्यात आहेत. एखादी गोष्ट लागत नसली की ती पुन्हा पुन्हा लावून बघायची, हा त्यांचा धंदाच. त्यांनी महिनाभर दार आपटून पाहिलं, मग सुताराकडून रंधा मारून घेतला. वैशाखात दार आकसलं आणि फटीतून मांजर ये-जा करू लागलं. फटीला पट्टी ठोकली. भादव्यात दार पुन्हा अडकलं, पट्टीला रंधा मारला. अशी सहा वर्षं गेली. आता आमचं दार फक्त दिवाळीत नीट बसतं. पाहुणे दिवाळीतच येतात म्हणून अब्रू राहिली. "हे दार आहे का म्हैस?" असं तुमचे मेव्हणे दर पावसाळ्यात विचारतात, आणि उत्तर मी द्यावं अशी त्यांची अपेक्षा असते.

मग मागच्या वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला. तिरका, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी वर चढत गेलेला, जसा कोणी गच्चीवरच चाललाय. मी तुम्हाला कळवलं आणि तुमचं ते प्रसिद्ध उत्तर आलं. वर "संदर्भ: आपले दि. ३ जूनचे पत्र" आणि खाली सहा कलमं. (नाना, बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावर बहिणीला संदर्भ क्रमांक घालायचा नसतो. पण मी ते पत्र डब्यात जपून ठेवलंय.) केसासारख्या वाकड्यातिकड्या रेघा गिलाव्याच्या, त्यांना भिऊ नये. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला भिऊन बघावा. वर रुंद आणि खाली बारीक, किंवा उलट, ते लिहून ठेवावं. छतावर तपकिरी डाग म्हणजे आतली सळई गंजते आहे. तिथे काठीने ठोकावं, पोकळ वाजलं तर त्याखाली झोपू नये.

ते पत्र वाचून मी बिघडले. हळदीकुंकवाला गेले की बायका एकमेकींच्या साड्या बघायच्या आणि मी वर बघायची. कोणाच्या दारावरची तुळई मध्ये वाकलीय, कोणाच्या छज्ज्याला ओल आहे, हे मला दिसे आणि गप्प बसवत नसे. शेजारच्या सुगनबाईंकडे मी त्यांच्या परवानगीने केरसुणीच्या दांड्याने छत ठोकलं. (घट्ट वाजलं.) त्यांनी विचारलं, "यशोदाबाई, जाळं काढताय का? अहो, आमच्याकडे नोकर आहे." चार घरं झाल्यावर कॉलनीत बोलवा उठली की टेलिफोनवाल्यांची बायको दुसऱ्यांच्या घरांना नजर लावते. एकीने दाराला लिंबू-मिरची बांधली. तिच्या पायऱ्या एका बाजूला खचल्यात, ते मी मग सांगितलंच नाही.

तुमच्या पाचव्या कलमाप्रमाणे तड्यावर तीन काचपट्ट्या आडव्या बसवल्या, दोन्ही टोकांना सिमेंट लावून, शेजारी तारीख लिहून. पट्टी शाबूत राहिली तर तडा मेलेला, फुटली तर जिवंत. सुगनबाई वाटीभर साखर मागायला आल्या, ओट्यावरच्या भिंतीवर तीन चकचकीत पट्ट्या आणि तिथी बघून थबकल्या. "ये कौनसा व्रत है? आमच्यात नाही हे," म्हणाल्या. मी सांगितलं, भिंत हलते का ते बघतेय. त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांना कुंकू लागलेलं होतं. मंगळवारी आणखी दोघी आल्या. तिसऱ्या आठवड्यात एक नारळ आला. नारळाचं मी खोबरं केलं, हे कोणाला सांगू नका.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते आणि बसण्याआधी घराला चुना लागलाच पाहिजे, हे तुम्हाला सांगायला नको. सगळ्या खानदेशातले तडे दर श्रावणात असे बुजतात, त्यामुळे कुठला तडा किती वर्षांचा हे कोणाला सांगता येत नाही. वनाला मी बजावलं होतं, सगळीकडे चुना लाव, त्या भिंतीला हात लावू नकोस. मी बाजारातून परत येईपर्यंत त्याने तडा लांबी चोपडून बुजवला होता आणि काचांवर, कुंकवावर, तारखांवर तीन हात मारले होते. मी रागावले. तो म्हणाला, "ताई, कानबाई येई ऱ्हायनी. तिले काय, तडा दखाडसू?" भाऊबंद जमले, कानबाई त्याच भिंतीला टेकून बसली, आरत्या झाल्या. मी एकटीच भिंतीकडे बघत होते. सगळ्यांना वाटलं माझी भक्ती वाढली.

मार्गशीर्षात चुन्याखालची काच फुटली. सुगनबाई म्हणाल्या, नवस पोचला. मी तुम्हाला कळवलं आणि तुम्ही उलट टपाली एकच प्रश्न विचारलात: "मोरीचं पाणी कुठे जातं?"

मोरीचं पाणी केळीला जातं, नाना. जळगावात मोरीच्या पाण्यावर केळ नाही असं घर दाखवा. सहा वर्षं आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीलगत केळीचं बन वाढवलं, घड वाटले, कौतुक करून घेतलं. भिंतीची ती बाजू बारा महिने ओली आणि फुगलेली, समोरची कोरडी आणि आकसलेली, आणि दोघांच्या भांडणात घर फाटत होतं. केळी मी माझ्या हाताने काढल्या. मोरीचं पाणी लांब नळाने गटारीत सोडलं, भिंतीलगत तीन फूट फरशी बाहेरच्या उताराने घालून घेतली. माघात नव्या पट्ट्या लावल्या. आज सकाळी पाहिलं, तिन्ही शाबूत, आणि तड्याच्या वरच्या टोकाला एका बारीक कोळ्याने जाळं धरलंय. मी त्याला झाडलं नाही. तुमचे मेव्हणे म्हणाले, "आता पाहुण्याला चहा कर."

तर असं घर बरं झालं. तुम्ही दुरून पत्रांनी बरं केलंत. येथील सर्वांचा नमस्कार.

तुमची धाकटी बहीण,
यशोदा

ता. क. – कैरीच्या लोणच्याची बरणी शनिवारी वनासोबत पाठवते. त्याची बहीण शिंदखेड्याला दिलीय, तो धुळ्यावरूनच जातो. त्याला चहा द्या. पायाबद्दल बोलू नका.

ता. क. २ – भाऊबिजेला मी आले होते तेव्हा तुम्ही पेढे आणायला गेला होतात. तुमच्या मधल्या खोलीत, दाराच्या मागे, कपाटाच्या आड, जिथे दिवा लावूनही वाचता येत नाही, तिथे १९८७ चं कॅलेंडर आहे. ऑगस्टचं पान. वहिनी गेल्या तो महिना. त्याला कोणी हात लावत नाही, झुंबरबाईसुद्धा नाही, आणि मीही लावणार नव्हते. पण तुम्हीच शिकवलंत, म्हणून उचललं. मागे तीन काचपट्ट्या होत्या. तुमच्या अक्षरात, १४-६-८९, २-९-८९, ११-७-९०. तिन्ही फुटलेल्या. तडा वर रुंद, खाली बारीक. मी काडी फिरवली, कोळिष्टक निघालं नाही. चौथी पट्टी नव्हती. मग मी केरसुणीच्या दांड्याने तुमच्या खाटेच्या वर छताला आलेल्या तपकिरी डागाला ठोकलं. पोकळ वाजलं. तुम्ही आलात तेव्हा मी झाडत होते, असं म्हणाले. तेही खोटं होतं. सहा महिने ते कसं लिहावं ते मला सुचत नव्हतं, म्हणून केळी आणि सुगनबाई आधी लिहिल्या.

ता. क. ३ – त्याच खोलीच्या डोक्यावर, गच्चीत, ती पाण्याची टाकी तुम्ही ८५ साली का बांधलीत ते मला ठाऊक आहे. दिवसाआड नळ येई, वहिनींना दोन-दोन हंडे घेऊन जिना चढवत नसे. खाली तुळई नाही, स्लॅब तेवढा भार घेणार नाही, हे दुसऱ्या कोणाच्या घरात दिसतं तर तुम्ही त्याच दिवशी काम थांबवलं असतंत. स्वतःच्या घरात तुम्ही विटा लावल्या आणि वहिनींनी पहिल्यांदा तोटी उघडली तेव्हा हसलात, ते मी पाहिलंय. आता तुम्हाला एकट्याला किती पाणी लागतं? दोन बादल्या झुंबरबाई भरून देईल, मी तिला विचारून ठेवलंय. मृग लागायला चार आठवडे नाहीत. वना हातोडी घेऊनच निघतोय, लोणच्याची बरणी हे निमित्त आहे. तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवाल, हे मला माहीत आहे, आणि मला उत्तर लिहाल की तडा मेलेला आहे. तरी विचारते. नाना, वहिनींची टाकी उतरवू द्या.