रेशमी वायसर

५ फेब्रुवारी १९३३, रविवार
आमच्या आळीत नळ घेणारे आम्ही दुसरे. पहिला चनबसप्पा. तो शेजारीच राहतो, नव्या पेठेत लुगडी विकतो आणि मी काही केले की त्याने ते आधी केलेले असते. असो.

म्युनिसिपालिटीचा फिटर आला. दारापाशी अंगणात लोखंडी झाकणाखाली मुख्य चावी बसवली. म्हणाला, मास्तर, ही चावी कायम मोकळी ठेवा, घरात काही झाले तर आधी हिच्याकडे पळायचे. मी हायस्कुलात सायन्स शिकवतो. पाण्याचा दाब मुलांना मी समजावतो. मला हा सांगतो!

पाणी रोज फक्त सकाळी येणार. तेही चालेल. पण आईने विचारले, यात चामडे नाही ना? आणि त्या गाढवाने तोटी उघडून आतली पाणी अडवणारी चामड्याची चकती, म्हणजे वायसर, काढून तिच्या नाकासमोर धरला! कोणी सांगितले होते? आई म्हणाली, मग मी हे पाणी पिणार नाही बाबा.

डोके फिरले. तिथेच जाहीर केले की चामडे निघेपर्यंत या घरात नळाला कोणी हात लावणार नाही. एका घरात दोन पाणी चालणार नाहीत. तत्त्व म्हणजे तत्त्व. रुक्मिणी काहीतरी बोलणार होती, पण माझ्याकडे बघून गप्प बसली आणि पोहरा घेऊन आडावर गेली. अशी समजूतदार बायको मिळायला नशीब लागते.

८ फेब्रुवारी
अंगणात शहाबादी फरशी घातली. काय शोभा आली! ते लोखंडी झाकण मात्र मधेच, चेहऱ्यावर देवीचा वण असावा तसे. गवंड्याला म्हटले, झाक. तो म्हणाला, सायेब, खाली चावी हाय की. रुक्मिणीही म्हणाली, तेवढी फरशी सुटी ठेवा. बायकांना सोय दिसते, शोभा दिसत नाही. झाकले. सिमेंट भरून पक्के.

१२ फेब्रुवारी
चनबसप्पा भिंतीवरून डोकावला. म्हणे, मास्तर, वहिनी अजून आडावर कशाला? नव्या पेठेत रबराचे वायसर मिळतात की, लई टिकतात, आमच्यात तेच हायत. आता लुगडी मोजणाऱ्याकडून मी सायन्स शिकू? रबर म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, असे सांगून घरात आलो. मागाहून सुचले की आणखी लागट बोलायला हवे होते.

पण या रागातच कल्पना सुचली. सोवळ्याला काय चालते? रेशीम! रेशमाला विटाळ नाही. रेशमाचा वायसर करायचा. हिंदुस्थानात कोणाला सुचले नसेल. आईला विचारले, ती म्हणाली, रेशीम असेल तर मी पिईन. झाले तर!

१४ फेब्रुवारी
माझ्या सोवळ्याच्या रेशमी मुकट्याचा तुकडा कापून पाहिला. फार झिरझिरीत. घड्या करूनही भरीव होत नाही. जाड रेशीम पाहिजे.

१६ फेब्रुवारी
रुक्मिणीची कंबर धरली. आज हंडा आडाच्या कट्ट्यावरच ठेवून खाली बसली. मी म्हटले, थोडा दम धर, संशोधनाला वेळ लागतो. ती शांतपणे म्हणाली, अहो, लग्न झाल्यापासून हा दोर ओढतेय. दारात नळ आल्यावर वाटले होते, सुटले. आता माझ्याच्याने होत नाही. रविवारपर्यंत काय ते करा, नाहीतर मी जेऊरला जाते माहेरी.

मला धमकी! संतापाने जेवलो नाही. म्हणजे दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

१८ फेब्रुवारी
जाड रेशीम सापडले. रुक्मिणीच्या ट्रंकेत तिचा लग्नातला शालू आहे. आतल्या बाजूचा कोपरा निऱ्यांत जातो, कोणाला दिसत नाही. गोल चकत्या कापल्या, एकावर एक शिवल्या, वरून साजूक तूप चोळले म्हणजे पाणी शिरणार नाही. इतका देखणा वायसर विलायतेतही नसेल. जरीची एक कड मधे आली आहे, तीही शोभते.

शालूचे तिला उद्या नळ चालू झाल्यावर सांगायचे. आनंदात माणूस रागवत नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार
यश!! दुपारी तोटी उघडली. पाणी सकाळचेच असल्यामुळे मुख्य चावी बंद करण्याची भानगडच नाही. चामडे काढून चिमट्याने परसात फेकले, रेशीम बसवले. तोटीचे डोके फार आवळले नाही, रेशीम चुरगळते. सगळ्यांना बोलावले. पहा, म्हटले, तोटी बंद. एक थेंब तरी पडतो का?

पडला नाही! आईने नळाला हळदकुंकू वाहिले. रुक्मिणी कितीतरी दिवसांनी हसली. भरून ठेवलेल्या ट्रंकेतले चार कपडे काढून तिने पुन्हा खुंटीवर टांगले. म्हणाली, उद्या मी तुम्हांला नळाच्या पाण्याचा चहा करते. मला भरून आले. भिंतीवरून चनबसप्पाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी दाबाचा नियम समजावून सांगितला.

२० फेब्रुवारी
सकाळी पाणी आले.

काय लिहू? तोटीचे डोके उडून छताला लागले. पाण्याचा फवारा देवघरापर्यंत. मी हाताने दाबले तर माझ्याच तोंडावर! रुक्मिणी ओरडली, चावी बंद करा! चावी फरशीखाली. फरशी सिमेंटखाली. गवंड्याला चार शिव्या दिल्या, तो तिथे नव्हता म्हणून पाण्याला दिल्या. वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका मोरीकडे वाहत निघाल्या.

चनबसप्पा पहार घेऊन आला. चावी कुटं हाय, मास्तर? मी बोट दाखवले. त्याने माझी नवी फरशी फोडली. निदान विचारायची तरी रीत! फोडू का म्हणून विचारायला काय झाले होते?

पाणी थांबल्यावर रुक्मिणी फडक्याने घर पुसत होती. मोरीच्या तोंडाशी तिला ती चकती सापडली. जरीची कड वर होती. तिने ती तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली, पदराच्या गाठीला बांधली. मला वाटते, घाबरली असावी.

२१ फेब्रुवारी
रुक्मिणी जेऊरला गेली. स्टेशनावर पोहोचवायला गेलो होतो. गाडी लेट, तीही रेल्वेचीच चूक. मी तिला सांगितले की वायसरची कल्पना मुळात बरोबर होती, फक्त डोके आवळायला हवे होते. ती खिडकीतून दुसरीकडे बघत होती.

२४ फेब्रुवारी
आता आडावर मी. हाताला फोड. कंबर म्हणजे काय चीज आहे हे डॉक्टरांनासुद्धा ठाऊक नसावे. हंडा आदळून आईला म्हटले, किती हे पाणी! आई म्हणाली, अरे यज्ञा, तोटी दुरुस्त करून घे की, एवढे कशाला आणतोस? मला पिण्यापुरती एक कळशी पुरे. आंघोळीला, भांड्यांना, धुण्याला नळाचे नको असे मी कधी म्हटले?

आधी का नाही सांगितलेस, असे मी ओरडलो. म्हणाली, रुक्मिणी पहिल्याच दिवशी हेच सांगणार होती. पण तू रागावला होतास ना.

हिला कोणी सांगितले मी रागावलो होतो? मी कधीही रागावत नाही!

२५ फेब्रुवारी
नव्या पेठेतून रबराचा वायसर आणला. चनबसप्पाच्या दुकानावरून जावे लागू नये म्हणून लांबून फिरून गेलो, तर तो वायसरच्याच दुकानात उभा. नमस्कार केला त्याने. छद्मी नमस्कार.

फिटरने बसवला. आई ओंजळीने पाणी प्यायली. गोड आहे म्हणाली.

२६ फेब्रुवारी, रविवार
रुक्मिणीला आणायला जेऊरला गेलो. विचार केला होता, नळ दुरुस्त झाला असे सांगितले की धावत येईल. पाहतो तो ती तिथल्या आडावर पाणी ओढत होती! माझे डोके सटकले. म्हटले, हीच ती धरलेली कंबर का? आमच्याकडे ओढवत नाही आणि इथे ओढवते?

तिने भरलेला पोहरा कट्ट्यावर ठेवला. म्हणाली, अहो, इथला आड आपल्यापेक्षा खोल आहे. कंबर इथेही दुखते. पण पाणी ओढताना इथे कोणी रागावत नाही.

मी पुष्कळ समजावले. आवाज थोडा चढला असेल. संध्याकाळच्या गाडीने एकटाच परतलो.

रबर चांगले निघाले. तोटी बंद केली की एक थेंब गळत नाही. घर इतके शांत आहे की गळला असता तर ऐकू आला असता.