आईच्या वाट्याचे पाणी

राजापेठ, उमरावती
वैशाख, १९३४

दादा,

‘तीर्थरूप’ लिहिण्याची किळस येते, म्हणून एवढेच.

अकोल्यात तुमच्या खोलीच्या वाळ्याच्या ताटीवर दिवसभर पाणी शिंपले जाते. आईला मात्र तिथे दिवसाकाठी एकच फुलपात्र पाणी मिळे, कारण तिचे अंथरूण कोणी धुवावे? नीट समजून घ्या: म्हातारपणी तहान लागलेली कळत नाही, म्हणूनच घोटघोट, पुन्हा पुन्हा पाजावे लागते. पाणी तुटले की आधी जीभ सुकते, मग बुद्धी भ्रमते.

इथे आणल्यावरही ती तांब्या दूर सारी. “नको माय, तुही वयनी ओरडते.”

आज पहाटे तिने अंथरूण भिजवले आणि घाबरून म्हणाली, “आता नाही मांगत पानी.” मी कोरडे लुगडे नेसवून तिला पुन्हा पाणी पाजले.

हे पत्र टाकणार नाही. वाचून तुम्ही क्षमा मागायला याल, आणि आई तुमच्यासोबत परत निघेल.

कौशल्या