हिचा टेटू

अहेरी, मंगळवार, ८ एप्रिल १९८६. संध्याकाळ.

हिचा टेटू जळाला. बातमी तीन शब्दांत संपली, आणि दुपारपासून माझ्यातल्या बातमीदाराला चौथा सुचलेला नाही.

टेटू हे झाड आता जंगलातही सहज सापडत नाही, औषधासाठी मुळासकट खणून नेतात. बायकोने कुठूनशी शेंग आणून अंगणात तो रुजवला. मी त्याला संस्कृतातून श्योनाक म्हणायचो. "नाव तुम्ही ठेवा, पाणी मी घालते," ही म्हणायची. गेल्या वर्षी ही गेली. तेव्हापासून पाणीही मीच घालतो.

उन्हाळ्यात त्याची पानं झडतात आणि नुसती काडी उरते. अंगण झाडणाऱ्या सोमीबाईने आज त्या काडीभोवतीचा पाचोळा पेटवला. मोहाची फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पेटवतात ना, तसाच. साल चहूबाजूंनी काळी पडली.

"मले वाटलं वाळलेली काडी हाय, भाऊ. बाईचं झाड, मले काऊन नाई आठवलं?" ती रडायलाच लागली. "बाई असत्या तं काय म्हनल्या असत्या?"

"शिव्या दिल्या असत्या. मग चहा."

शिव्या मला जमेनात. संस्कृतात थोड्या येतात, पण त्या वाया गेल्या असत्या. चहा केला, तोही फार गोड झाला. तिने सगळा प्यायला.

मग तिने बुंध्याशी नखाने साल खरवडली. "हे पाहा भाऊ, आत हिरवं हाय."

मला तपकिरी दिसलं. चष्मा पुसून पुन्हा वाकलो. तपकिरीच.

"हो, आहे की," म्हणालो. ती डोळे पुसून घरी गेली.