हनुवटीपुढची पट्टी

दादा,

परवा शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेला मी फाटकातच थांबवलं. ती स्कूटीवर होती, डोक्यावर वाटीसारखं अर्धं हेल्मेट होतं आणि पट्टा मोकळा लोंबत होता. पोलिसांपुरतं घातलंय मॅडम, म्हणाली. मी तिला जे सुनावलं त्यातला एकही शब्द माझ्या पदवीच्या पुस्तकांतला नव्हता. सगळा तुमच्या ड्रेसिंगच्या खोलीतला होता.

तुम्ही तालुक्याच्या दवाखान्यात ड्रेसर. जखमा धुणं, टाके घालताना डॉक्टरांच्या हाताशी उभं राहणं, बँडेज बांधणं, हे तुमचं काम, शिक्षण आठवीपर्यंत. पण गाडीवरून पडलेला माणूस आला की त्याचं सगळं आवरल्यावर तुम्ही नातेवाइकांकडे हेल्मेट मागायचात आणि खिडकीपाशी नेऊन फिरवून बघायचात. मी, तुमची लेक, डबा घेऊन यायचे तेव्हा मलाही दाखवायचात. वाटीवाल्याचं टाळकं शाबूत, पण जबडा आणि गाल फुटलेले. पूर्ण हेल्मेटची हनुवटीपुढची पट्टी खरवडलेली, आतला चेहरा जागेवर. पट्टा न लावलेलं हेल्मेट तर बहुतेक वेळा कोरं करकरीत, कारण ते आधीच उडून शेतात पडलेलं. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही बघत होतात, एवढंच.

एकदा जवळा बाजार गावी शेळ्या विकून परतणारे एक म्हातारे मेंढपाळ गाडीवरून घसरून आले. डोक्याला रुमाल गुंडाळून त्यावर हेल्मेट ठेवलेलं. ते कसलं टिकतंय. रुमालावर काहून घातलं, असं तुम्ही विचारलंत. ते म्हणाले, "उघड्या डोक्यानं बाजारात जावं का, डाक्टर?" तुम्ही बँडेज गुंडाळत म्हणालात, "मंग आता दोन हप्ते हा माझा रुमाल बांधून फिरा." म्हातारे हसले आणि टाके ताणले म्हणून कण्हले.

मी नोकरीला लागल्यावर स्कूटी घेतली आणि डोक्याला वाटीच घेतली. पूर्ण हेल्मेटमध्ये अंबाडा मावत नाही, चष्म्यावर वाफ धरते, बाजूचं दिसत नाही, मानेवर वजन येतं, बी.एस्सी. झालेल्या मुलीनं मुद्दे मांडले. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत. रविवारी नांदेडला जाऊन पूर्ण हेल्मेट आणलंत आणि स्वतःच्या हातांनी माझ्या डोक्यावर बसवलंत. गाल दाबले गेले. घट्ट होतंय, मी म्हटलं.

"घट्टच पायजे. सैल असलं तर ती नुसती टोपी. अन् अंबाडा खाली बांध. लोकायचे चेहरे शिवून राहिलो मी. तुझा न्हाई शिवायचा मला."

मी अंबाडा खाली बांधला. रोज सकाळी तुमच्या देखत ते घालून निघू लागले.

पुढे काही महिन्यांनी कळमनुरीच्या रस्त्यावर सांडलेल्या बारीक खडीवरून स्कूटी घसरली आणि मी तोंडावर आपटले. मनगट मोडलं, लोकांनी तुमच्याच दवाखान्यात आणलं. चेहऱ्याला ओरखडाही नाही. तुम्ही मनगटाकडे नंतर पाहिलंत. आधी हेल्मेट उजेडात नेलंत, खरवडलेल्या पट्टीवरून बोट फिरवलंत. मग डॉक्टरांना, सिस्टरांना, बाकावरच्या पेशंटांनासुद्धा सांगत सुटलात, "माझी लेक ऐकते माझं." एकदा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा कामाचं नसतं म्हणून त्याच आठवड्यात नवं आणलंत. तुमच्याएवढं नीट बघणारा माणूस मला कॉलेजातही भेटला नाही.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. तुमच्या देखत घातलेलं ते हेल्मेट मी रोज वळणापलीकडे गेल्यावर काढायचे, स्कूटीच्या हुकाला अडकवायचे आणि डिकीतली वाटी डोक्यावर ठेवायचे. त्या अपघातानंतर कधी काढलं नाही, हे खरं आहे. पण तुम्ही बाकावरच्या लोकांना अभिमानानं सांगत होतात तेव्हा मी मान खाली घालून प्लास्टरकडे बघत होते. अपघाताच्या दिवशी सकाळपासून माझा कान ठणकत होता, दादा. वारा लागू नये म्हणून हेल्मेट तसंच डोक्यावर राहू दिलं होतं.