दोनदा पहिला डोस

देवरी, नाक्याजवळचं पंक्चरचं दुकान
५ जुलै २०२१

ती. शकुआत्याले मोहितचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायले उशीर केला हे पहिलेच कबूल करून टाकतो, म्हणजे तुले शोधत बसायची गरज नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा माझ्याजवळ पेन नव्हता. दुसरं आलं तेव्हा पेन होता, पण त्याच दिवशी एका ट्रकमधून पपया उतरवायले गेलो, अन् तो ट्रक आमगावले जाऊन राहिला होता, तर मीबी गेलो. आमगावचा बाजार तू पाहिला का? तिथं एक म्हातारा नुसतीच कुलपं विकते, किल्ल्या नाहीत. घेणारेबी हायेत. असो. तिसऱ्या पत्रात तू मले जे जे म्हटलं ते दुकानमालकानं वाचलं, कारण पत्र त्याच्याच हाती पडलं. तो तेव्हापासून माझ्याशी नरमाईनं वागते.

तुले फोनवर एका कानानं ऐकू येत नाही, अन् माझ्याजवळ फोनच नाही, म्हणून आपण जुन्या काळातल्या माणसांसारखे पोस्टमनच्या भरवशावर. तू विचारलं का माझ्या नंबरवर फोन केला तर राजदीप नावाचा माणूस कावून उचलते. कारण तो फोन आता त्याचाच हाय. मे महिन्यात घरातून निघालो तेव्हा दुर्गजवळ रसमड्याच्या कारखान्याबाहेर तो ट्रक लावून बसला होता. ट्रकवर त्याची सायकल बांधली होती, जी तो कधी चालवतच नव्हता. मी फोन देला अन् सायकल घेतली. सिमकार्ड काढायचं राहून गेलं. यात मले काही चूक केली असं वाटत नाही. सायकल आजबी चालते, अन् तो फोन सारखा गरम होत होता.

पण तुमच्या दोघांचे डोस त्याच नंबरवर टांगले हायेत, हे खरंच ध्यानात राहिलं नाही. मीच टांगले होते. मार्चमध्ये तुमाले केंद्रावर मीच नेलं होतं. फुफाजीनं बाही वर करून नर्सबाईले सांगितलं होतं का बत्तीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलो, ही सुई मले काय करते. तिनं म्हटलं होतं का काका, बोलू नका, सैल सोडा. एप्रिलचं मी लिहीत नाही. तेव्हा घरात तुले पाहवत नव्हतं म्हणूनच मी सायकल घेतली, तेबी लिहीत नाही.

दुसरा डोस मिळाला का नाही ते कळव. टीनाताईकडे कधी जाते? राग असला तरी लोभ त्याच्याहून बोटभर जास्त ठेव.

तुझा,
मोहित

---

स्मृती नगर, भिलाई
१२ जुलै २०२१

चि. मोहितले शकुआत्याचे अ. आ. आशीर्वाद रिवाज म्हणून देऊन राहिली, मनातून नाही.

सायकल! तुझ्या फुफाजीनं हे ऐकलं असतं तर आठ दिवस हसले असते. मले हसू येत नाही, कारण त्या सायकलीनं माझं काय केलं ते वाच.

मार्चमध्ये सुई घेतली तेव्हा म्हणाले चार-सहा आठवड्यानं या. मंग म्हणाले सहा ते आठ. तेवढ्यात दुर्गमध्ये सगळं बंद झालं, अन् आपल्या घरी जे व्हायचं ते झालं. त्यांची तेरवी झाल्यावर मी एकटी केंद्रावर गेली, तर नियम पुन्हा बदलला होता. आता बारा आठवडे. मी तिथल्या पोराले म्हटलं का बाबू, आमच्या गावात गाभण म्हशीचे दिवस कोणी मंधातच वाढवत नव्हतं. तो म्हणाला का माताजी, ऊपर से आदेश है. वरून तर पाऊसबी येते, त्याच्यासाठी माणूस छत्री घेते. पण मी परत आली. एकदा नाही, तीनदा परत आली.

जूनच्या शेवटी दिवस भरले. गेली. त्या पोरानं नंबर टाकला अन् म्हणाला का मोबाइलवर चार आकडे आले असतील ते सांगा. कोणाच्या मोबाइलवर? तुझ्या. म्हणजे त्या राजदीपच्या. शेजारच्या राजकुमारले मी सोबत नेलं होतं, त्यानं फोन लावला. राजदीप विशाखापट्टणमच्या रस्त्यावर. भला माणूस हाय, आकडे वाचून दाखवत होता, पण आवाज तुटे, अन् आवाज येईपर्यंत आकडे शिळे होत. मागची रांग वरडून राहिली होती. शेवटी त्या पोरानं कटाळून राजकुमारचा नंबर टाकला, अन् सुई टोचली. मी खुश. संध्याकाळी राजकुमारच्या मोबाइलवर अभिनंदन आलं का शकुबाईनं पहिला डोस घेतला.

पहिला! दुसऱ्या दिवशी जाऊन मी दोन्ही दंड उघडे करून दाखवले. डावा मार्चचा, उजवा जूनचा. मॅडम म्हणाली का मशीनमध्ये दोन बाया दिसतात, दोघीइचा पहिला झाला, दुसरा बारा आठवड्यानं होईन. मी म्हटलं का दुसरी बाई मले दाखवा, मी तिले घरी घेऊन जातो, भांडे तरी घासन.

बारा आठवडे म्हणजे सप्टेंबर सरते. अन् टीनाचे दिवस सप्टेंबरच्या सुरुवातीचे हायेत. तिच्या सासूबाईची अट हाय का दोन डोसचा कागद पाठवल्याशिवाय नागपूरच्या घरात कोणी यायचं नाही. तिच्या सासऱ्याचं डायलिसिस चालू हाय, म्हणून मी वाईट मानलं नाही. ज्या घरातून माणूस गेला त्या घरानं तर दुसऱ्याची भीती समजूनच घेतली पाहिजे. पहिलं बाळंतपण माहेरी असते, तेबी मी सोडलं, कारण तिची डॉक्टर तिथं हाय. पण पोरीजवळ मी नसीन हे होणार नाही. बाप गेला तेव्हा तिले येऊ देलं नाही, सगळे रस्ते बंद होते. आता आई हाय अन् रस्तेबी उघडे हायेत.

तू ये अन् तुझा नंबर परत घे. ढाब्यावर नीट जेव. चिखलात खाली पाय घालून फिरू नको. लोभ ठेवायचा का नाही ते तुझ्या येण्यावर ठरवीन.

तुझी,
आत्या

---

देवरी
२५ जुलै २०२१

ती. आत्याले सा. न.

दुसरी बाई घरी न्यायची गोष्ट मी इथं चार ड्रायव्हरले वाचून दाखवली. एकानं तुझ्यासाठी चहा सांगितला, तो मी पेलो.

तू ये म्हटलं तेव्हाच निघायले पाहिजे होतं. निघालोबी होतो. पण नाक्यावर सगळ्या ट्रकाइले थांबावं लागते, म्हणून वाटलं का इथंच बसलो तर राजदीप एक दिवस सापडनच. लाल केबिनचा ट्रक दिसला का मी टायर सोडून पळतो. आतापर्यंत तीन दुसरेच राजदीप सापडले. त्यातल्या एकाले सायकल पाहून इतकं आवडलं का तो त्याच्या बदल्यात बकरीचं पिल्लू देऊन राहिला होता. मी नाही म्हटलं. पाहा, माणूस सुधारते.

मंग भंडाऱ्याचा एक ड्रायव्हर भेटला. त्याच्या भावाचंबी तुझ्यासारखंच झालं होतं. तो म्हणाला का दोन पहिले डोस जोडून एकाचा दुसरा करता येते, त्याच सरकारी साइटवर, पण दोन्ही नंबर हातात पाहिजेत. म्हणजे राजदीप नाही पाहिजे, मी पाहिजे. दुर्गले माझं आधार दाखवलं का त्याच नंबरचं नवं सिम भेटते. मी इथं आठवडाभर ज्या माणसाले शोधत होतो तो मीच निघालो.

तिसरी सुई अजिबात घेऊ नको. मशीन म्हणते म्हणून आपण दंड देत बसायचं काय? दोन घेतल्या म्हणजे दोन घेतल्या. ते मोजत नसतील तर मोजायले शिकतीन.

मी येतो. कोणत्या दिवशी ते विचारू नको, दिवस सांगितला का माझ्याच्यानं तो पाळला जात नाही. कागद हाती आल्याशिवाय तुले तोंड दाखवणार नाही, एवढं मात्र ठरवलं. मायेची ऊब राहू दे, चटका नको.

तुझा,
मोहित

---

स्मृती नगर
८ ऑगस्ट २०२१

चि. मोहितले अ. आ.

आता येऊ नको. आला तरी माझ्या कागदासाठी येऊ नको.

काल टीनाच्या सासूबाईचा राजकुमारच्या फोनवर फोन आला. राजकुमारची बायको माझ्या चांगल्या कानात एक एक शब्द पुन्हा सांगत होती, अन् सांगता सांगता तीच लाजत होती. विहीणबाई म्हणतात का कागदाची आता घाई करू नका. तुमाले जाऊन अजून वर्ष नाही झालं. म्हणजे तुमच्या मालकाले. पहिलंच लेकरू हाय, त्याच्यावर पहिली नजर भरल्या कपाळाची पडावी असं घरात सगळ्याइचं म्हणणं हाय. आमची एक सवाष्ण भावजय येणार हाय, तुम्ही वर्ष फिटल्यावर खुशाल या.

मले डोस घ्या म्हटलं, मी घेतला. कागद पाहिजे म्हटलं, मी कागदासाठी चार महिने केंद्राचे हेलपाटे खाल्ले. आता कुंकू पाहिजे. त्याचा डोस कोणत्या केंद्रावर मिळते, पहिल्याच्या किती आठवड्यानं दुसरा मिळते, ते कोणी तरी मले सांगा. मी तिथंबी रांग लावतो.

ज्या माणसासाठी मी कुंकू लावत होती तो माणूस असता तर आज नातवाच्या नावानं सगळ्या कॉलनीत पेढे वाटत फिरला असता. त्याच्या नसण्यानं मी वाईट नजरेची कशी झाली?

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीनं जाऊन राहिली. टीनाले सांगितलं नाही, अन् तूबी सांगू नको. ती रडन अन् म्हणन का आई, नको येऊ. या दिवसात पोरीनं रडू नये. त्यांच्या अंगणात कडुनिंब हाय, त्याच्याखाली बसीन. दोन मास्क लावीन. सासरेबुवाले माझ्या श्वासाचा धोका नको, म्हणून उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही. पण माझ्या कपाळाचा कोणाले त्रास होत असन तर होऊ दे. खिडकी तर उघडी राहीन. लेकरू रडलं का मले ऐकू येईन. त्याच्यासाठी एक कान बस हाय.

डिंकाचे लाडू केले हायेत. किल्ली राजकुमारकडे. तुझ्यावर रागावली तरी तुझ्या वाटचे चार लाडू फडताळात ठेवले, यावरून काय ते समज.

तुझी,
आत्या

---

स्मृती नगर, तुझ्याच ओट्यावरून
१३ ऑगस्ट २०२१

ती. आत्याले मोहितचा शि. सा. न. वि. वि.

तुझं ८ तारखेचं पत्र मले भेटलंच नाही. ते देवरीले गेलं असन, अन् मी सोमवारपासून इथंच चरोद्याले माझ्या दोस्ताच्या, सुमेधच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होतो. तुझ्यापासून दोन स्टेशनं दूर, अन् लपून. कारण कागद हाती आल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. काल रात्री कागद आला. आज सकाळी सायकलवर टांग मारली, रस्त्यात कुठंच थांबलो नाही. म्हणजे एका ठिकाणी तांदळाचे गरम फरे दिसले म्हणून थांबलो, तेवढंच. तिथं थांबलो नसतो तर तू भेटली असती, असं राजकुमारकाका म्हणतात. तुझं पत्र त्याइनंच पोस्टात टाकलं होतं, अन् सगळंच ठाऊक होतं, ते मले तोंडी सांगितलं, विहीणबाईचंबी.

पण पहिले कागदाचं ऐक. दुर्गले नवं सिम भेटलं. ते चालू झालं का तिकडं राजदीपचं बंद पडलं असन. त्याले कोणी तरी सांगा का सायकल मी अजून विकली नाही. राजकुमारकाकाच्या नंबरवरचा पहिला अन् माझ्या नंबरवरचा पहिला, दोन्ही सुमेधनं साइटवर जोडले; काकाच्या मोबाइलवर आलेले आकडे फोनवर विचारून घेतले, पण कुठून बोलतो ते त्याइले सांगितलं नाही. तीन दिवस काहीच झालं नाही. मंग काल कागद आला, त्याच्यावर तू एकच बाई हाय अन् दोन डोसची हाय. मी त्याची प्रिंट काढून प्लास्टिकमध्ये घातली.

सिम चालू झाल्याबरोबर जुने मेसेज भडाभडा येऊन पडले. त्यातल्या एकात लिहिलं होतं का रामाजींचा दुसरा डोस बाकी हाय, जवळच्या केंद्रावर जावे. फुफाजीच्या नावाचा तो मेसेज मी पुसला नाही. राहू देला.

तू लाडवाचा डबा ओट्यावरच विसरली. एवढ्या तावात गेली का ज्याच्यासाठी गेली तेच घरी. काका आज संध्याकाळच्या गाडीनं नागपूरले जाऊन राहिले, त्याइच्या हाती डबा, कागद अन् हे पत्र पाठवतो. कडुनिंबाखाली बसून विहीणबाईले तो कागद दाखव. त्या म्हणतील का आता कागदाची गरज नाही. तरी दाखव. अन् त्याइले सांग का फुफाजीचा डोस बाकी राहिला हा तुझा दोष नाही, अन् कपाळ रिकामं झालं हाबी नाही. मी असतो तर मीच सांगितलं असतं, पण तुझ्याइतकं चांगलं मले जमत नाही.

थांब, गेट वाजून राहिलं. पाहून येतो अन् लिहितो.

आत्या, टीनाताई आली. आत्ता, ऑटोतून उतरली, एका हातानं कंबर धरून. मागून आनंद जावई, दोन्ही हातात बॅगा अन् मान खाली. तिले सवाष्ण भावजयीचं काल रात्री कळलं. ती म्हणते का जिथं माझ्या आईचं कपाळ चालत नाही तिथं माझं पोट तरी कावून चालते. सकाळी डॉक्टरले दाखवून, इथल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन निघाली. तुले सांगितलं नाही, कारण तू म्हटली असती का या दिवसात प्रवास करू नको. तू तिकडं जाऊन राहिली, ती इकडं येऊन राहिली, गोंदियाच्या आसपास तुमच्या गाड्या एकमेकीजवळून गेल्या असतील. तुमाले दोघीइले सुई कोणत्या मातीची टोचली ते केंद्रावाल्याले विचारलं पाहिजे.

ती आता पंख्याखाली बसली हाय अन् लाडू खाऊन राहिली. म्हणून डबा पाठवत नाही. कागद अन् हे पत्रच पाठवतो. जावई घरी फोन लावून राहिले, पण तिकडं रागानं कोणी उचलत नाही, म्हणून काकाले सांगितलं का आत्याले त्या कडुनिंबाखालून उठवा अन् रात्रीच्या गाडीत बसवून द्या.

तू येईपर्यंत मी कुठंच जाऊन नाही राहिलो. सायकलीले कुलूप लावलं अन् किल्ली ताईजवळ देली.

लवकर ये. लोभ सध्या ताईच्या ताटात हाय, तुझ्यासाठी थोडा उरवून ठेवतो.

तुझा,
मोहित