तळ्याकाठची घोळ

आबा, तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता कितीतरी म्हातारी झाले आहे. दवाखान्यात नर्स होते, ती नोकरीही सुटून वर्षं झाली. आता हातून काही होत नाही, बसल्या जागी जुनं आठवतं तेवढंच.

निजामाचं राज्य आहे. तामलवाडीच्या शिवारात, तळ्याकाठी, आपली मेलेली मेंढी समोर घेऊन तुम्ही बसलेले. तिच्या जबड्याखाली सूज. तुम्ही काळीज कापता आणि आतून पानासारखे चपटे किडे बाहेर येतात. "हे कुत्र्यालाबी घालायचं न्हाय," तुम्ही म्हणता, आणि काठच्या मऊ चिखलात ते पुरून टाकता. मेंढी मेली की दरवेळी असंच. गावात तुमच्याइतका स्वच्छ माणूस नव्हता. करायला गेलात एक आणि झालं भलतंच. त्या काळजातली, म्हणजे यकृतातली, किड्यांची अंडी पाण्यात उतरायची, पिल्लं गोगलगाईंत वाढायची आणि मग काठच्या पाल्याला चिकटून बसायची. हे मला नोकरीत कळलं, तुम्हाला कोण सांगणार होतं? त्याच काठची घोळीची भाजी तुम्ही भाकरीबरोबर कच्ची खायचात. ती खुडून आणणारी मी.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत तुमचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. "यरकान आहे, कावीळ," हकीम म्हणाले. चुलत्यांनी तापल्या सळईनं मनगटावर डाग दिला. तुम्ही खाजवून खाजवून अंग रक्ताळून घ्यायचात आणि म्हणायचात, "पोरी, लई दमलो गं." आता मीही तसंच म्हणते, ऐकायला कुणी नसतं.

दूरच्या देशांत कच्ची मासळी खाणाऱ्यांच्या पित्तनळीत असलेच किडे बसतात आणि वर्षांनी तिथं कॅन्सर होतो, असं मी वाचलं. मेंढरांच्या किड्यानं तसं होतं, हे पक्कं कुणी सांगत नाही. तुम्हाला नेमकं काय झालं ते आता कळायचं नाही. तरी माझं मन मला सोडत नाही.

हा कागद कुठं धाडणार? पेटीत लुगड्यांखाली राहील. एवढंच लिहायचं होतं. भाजीचा घास घेण्याआधी तुम्ही विचारायचात, "मेंढरं पित्यात त्या पाण्यात न्हाय न्हवं धुतलीस? इहिरीवर धुतलीस?" मी म्हणायची, "व्हय." विहीर लांब होती, आबा. मी तळ्यातच बुचकळून आणायची. विहिरीवर धुतली असती तरी पाल्याला चिकटलेली ती पिल्लं निघाली नसती, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही रोज विचारलंत, आणि मी रोज व्हय म्हणाले.