सारखे डबे

आई,

आज तुझ्या नातीवर ओरडले, आणि ओरडताना तोंडातून तुझंच वाक्य निघालं, म्हणून हे लिहायला बसले. भांडणाचं कारण ऐकलंस तर कपाळावर हात मारून घेशील. मनीषनगरच्या घरात पुढच्या खोलीत टेबल टाकून मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सातबारा, पोरांचे प्रवेश. कॉम्प्युटरवर नवा टॅब उघडला की एक पान येतं, आणि त्या पानावर मी रोजच्या दहा साइटचे शॉर्टकट लावून ठेवले होते. वर पाच, खाली पाच, मागे साधा पांढरा रंग. वरचा दुसरा सातबारा, खालचा शेवटचा पेन्शन. हात आपोआप तिथे जायचा. तुझा हात स्वयंपाकघरातल्या फळीवर जायचा तसा.

काल माझा वाढदिवस होता. मी देवळात गेले तेवढ्यात लेकीने टेबल पुसलं, वायरी बांधल्या आणि ते पान 'सुंदर' करून ठेवलं. मागे कुठल्यातरी तळ्याचं निळंशार चित्र, त्यावर पांढरी बारीक अक्षरं. माझे दहाच्या दहा शॉर्टकट जुनाट म्हणून काढून टाकले आणि त्याऐवजी अशी सोय केली की आपण जे जास्त उघडतो ते आपोआप पुढे येतं. म्हणजे रोज सगळ्यांच्या जागा बदलणार. ही कोणाची अक्कल, देव जाणे. ज्याच्या घरात भांडी रात्रीतून आपापली जागा बदलतात, त्याने स्वयंपाक कसा करायचा?

सकाळी पारशिवनीकडचे एक काका आले. मी ऐटीत वरचा दुसरा दाबला. ते पडद्याकडे वाकले आणि नम्रपणे म्हणाले, "मॅडम, हे त साबुदाणा वड्याचं दिसून राहिलं. मले सातबारा पाहिजे होता." मी हसून वेळ मारून नेली. पुन्हा दाबला, तर वीजबिल उघडलं. काका गेल्यावर ते पान पूर्वीसारखं करायला बसले. कोपऱ्यात एक पेन्सिल असते, तिच्यावर दाबलं की सगळं बदलता येतं म्हणे. ती पेन्सिल त्या निळ्या पाण्यात मला सापडेना. सापडली, तर माझ्या दहापैकी सहाच साइटची नावं आठवली. बाकीच्या चारांची फक्त जागा ठाऊक होती. मग मी ओरडले, "मले विचारल्याबिगर काहून हात लावला?"

पोर म्हणाली, "आई, गिफ्ट होतं ते. तू तर अशी चिडून राहिली, जसं मी काही तोडलंच."

हेच मी तुला म्हटलं होतं. उमरेडच्या घरी, मला पाहायला पाहुणे येणार होते त्या दिवशी. शिकवण्यांच्या पहिल्या पैशांतून मी स्टीलच्या डब्यांचा सेट आणला होता, सगळे एका मापाचे, आरशासारखे चकचकीत. तू शेजारी खुर्च्या मागायला गेलीस तेवढ्यात मी फळी रिकामी केली. मिठाची कान तुटलेली बरणी, साखरेचा पितळी डबा, तिखटाचा पोचा पडलेला पत्र्याचा डबा, सगळं माळ्यावर टाकलं आणि नव्या डब्यांची रांग लावली. मी खूश. पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेत, तू चहाला आधण ठेवतेस, सवयीने साखरेच्या जागी हात घालतेस आणि बोटं तिखटाने लाल होतात. मग तू एकेक झाकण उघडून नाकाशी नेतेस. सहा डबे तू असे हुंगलेस. मी दारात ट्रे धरून उभी. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तू दातओठ खाऊन कुजबुजलीस, "मले विचारल्याबिगर काहून हात लावला वं?" मी फणकाऱ्याने म्हटलं, "गिफ्ट आहे ते. काही तोडलं का मी?"

तुला काचबिंदू होता, हे पुढे सगळ्यांना कळलं. उशिरा कळलं. दोन वर्षांत तुला दिवा लावलेला की विझलेला तेही समजेना झालं, आणि त्यानंतर तू फार राहिलीही नाहीस. घरात सगळे म्हणायचे, कोणाला सांगितलंच नाही बाईनं.

मला राग येतो तो याचा की मीही नाही सांगितलं. हा आजार आईकडून लेकीकडे येऊ शकतो आणि माझ्याकडे आलाच आहे, असं डॉक्टरांनी मला दिवाळीआधीच बजावलं. रोज थेंब घालायचे आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. ती तारीख कधीच उलटून गेली. अर्ज भरणाऱ्या बाईला दिसत नाही असं गावभर झालं तर कोण येईल माझ्याकडे? पांढऱ्या पानावर दहा जागा पाठ करून मी निभावत होते. लेकीने नेमकं तेच पुसलं आणि मी तिच्यावर तोंड टाकलं.

आता तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगते. फळीवरचे जुने कागद काढताना मिठाच्या बरणीखाली मला दवाखान्याची चिठ्ठी सापडली होती. मी ती वाचली. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवणे, असं तिच्यावरही होतं. पाहुणे यायचे होते, तेव्हा कशाला विषय काढायचा म्हणून मी ती नव्या कागदाखाली सरकवली. नंतरही काढला नाही. तुझ्या बोटांना ती हललेली कळली असेलच.

माझी चिठ्ठी मी माउसच्या पॅडखाली चार घड्या घालून ठेवली होती. आज दुपारी पॅड उचललं. चिठ्ठी आहे तिथेच, पण तिला आता दोनच घड्या आहेत. लेक आतल्या खोलीत आहे, तिने काही विचारलेलं नाही. मला तिचा राग येत नाही, भीती वाटते, की ती माझ्यासारखी निघेल.

हे पत्र तुला कुठे पाठवणार? याला चार घड्या घालून त्याच पॅडखाली ठेवते आहे. तिने पुन्हा एकदा मला न विचारता टेबल आवरावं.